दहा दिवसांचे सभागृह की तीनशे दिवसांचे?

१६ एप्रिल २०२३ रोजी नवी मुंबईतील खारघर येथे ‘महाराष्ट्र भूषण’ पुरस्काराचा सोहळा भर उन्हात, उघड्या मैदानावर पार पडला. व्यासपीठावर छत होते. मैदानात बसलेल्या लाखो लोकांवर ते नव्हते. उष्माघाताने चौदा जणांचे प्राण गेले. त्याआधी, २३ डिसेंबर १९९५ रोजी हरयाणातील डबवाली येथे एका शाळेच्या वार्षिक समारंभात कृत्रिम धाग्यांच्या कापडाचा मांडव पेटला आणि चारशेहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. त्यांत बहुसंख्य मुले होती. उघडे मैदान आणि तात्पुरता मांडव या आपल्याकडील सभा-समारंभांच्या दोन परंपरागत जागा होत. दोन्हींमध्ये कोणता धोका दडलेला असतो, हे या दोन घटनांनी पुरेसे स्पष्ट केले आहे.

लाखांचा मेळावा कोणत्याही छपराखाली मावणार नाही, हे उघड आहे. तथापि पाचशेपासून पाच हजारांपर्यंतच्या उपस्थितीची संमेलने, अधिवेशने, प्रदर्शने, परीक्षा आणि मेळावे वर्षभर चालू असतात. त्यांना सुरक्षित छप्पर हवे, ही मागणी अवास्तव म्हणता येणार नाही. मुंबई महानगराच्या उत्तर टोकाला तर ती अधिकच रास्त ठरते. ३ जुलै २००९ रोजी वसई-विरार महानगरपालिका अस्तित्वात आली. २०११च्या जनगणनेत तिची लोकसंख्या बारा लाखांच्या वर होती आणि त्यानंतर ती वाढतच गेली आहे. मात्र मोठी बंदिस्त सभास्थाने महानगराच्या दक्षिणेला आणि खाडीपलीकडे एकवटलेली आहेत. गोरेगावचे नेस्को, वांद्रे-कुर्ला संकुलातील जिओ वर्ल्ड सेंटर आणि वाशीचे सिडको प्रदर्शन केंद्र ही त्यांतील ठळक नावे.

अशा स्थितीत वसई तालुक्याच्या पूर्व भागात एखादे मोठे संमेलन केंद्र उभारावयाचे झाले, तर ते कसे असावे? चांदीपचे उदाहरण विचारासाठी सोयीचे आहे. शिरसाडहून वज्रेश्वरीकडे जाणाऱ्या रस्त्याच्या पट्ट्यात मांडवी, चांदीप, पारोळ, उसगाव ही गावे येतात. एका बाजूला मुंबई–अहमदाबाद महामार्ग, दुसऱ्या बाजूला भिवंडीची गोदामे आणि मध्ये भातशेती, डोंगर व पाडे असा हा प्रदेश आहे. दिल्ली–मुंबई द्रुतगती मार्ग आणि विरार–अलिबाग बहुउद्देशीय मार्गिका या दोन्ही योजनांनी तालुक्याच्या जमिनीचे भाव आणि भवितव्य बदलण्यास आरंभ केला आहे. ३० ऑगस्ट २०२४ रोजी पायाभरणी झालेले वाढवण बंदरही याच जिल्ह्यात आहे. अशा पट्ट्यात मोठ्या वास्तूंच्या कल्पना आज ना उद्या पुढे येणारच. म्हणून प्रश्नाचा विचार निविदा निघण्यापूर्वी झालेला बरा.

रिकाम्या दिवसांचा हिशेब

सभागृहाविषयी पहिला प्रश्न नेहमी आसनसंख्येचा विचारला जातो. अर्थशास्त्राच्या दृष्टीने तो दुसरा प्रश्न आहे. वर्षातून किती दिवस आणि किती भागांत हे सभागृह वापरले जाईल, हा पहिला. सभागृहाचा बहुतेक खर्च स्थिर स्वरूपाचा असतो. भांडवलावरील व्याज, घसारा, पहारा, विमा, यंत्रांची निगा हे सारे दार उघडले तरी द्यावे लागते आणि कुलूप लावले तरी चुकत नाही.

केवळ कल्पनेसाठी एक हिशेब मांडता येईल. समजा, एखाद्या केंद्राला दोनशे कोटी रुपये खर्च आला आणि व्याज व घसारा मिळून वर्षाला दहा टक्के धरले, तर वर्षाचा बोजा वीस कोटींचा होतो. केंद्र वर्षात चाळीस दिवस वापरले गेले, तर एका दिवसाचा स्थिर खर्च पन्नास लाख रुपये पडतो. दोनशे दिवस वापरले गेले, तर तोच दहा लाखांवर येतो. आणि सभागृहाचे तीन भाग करून तिन्ही स्वतंत्रपणे भाड्याने देता आले, तर एका भागाच्या वाट्याला सव्वातीन लाखांच्या आसपास रक्कम येते. भिंती, छप्पर, खुर्च्या तेवढ्याच राहतात. बदलतो तो केवळ वापर. लवचिकता हा शब्द वास्तुशास्त्रज्ञांच्या बोलण्यात सौंदर्याचा गुण म्हणून येतो. मध्यम ऐपतीच्या नगरपालिकेला मोठी वास्तू परवडण्याचा तो जवळजवळ एकमेव मार्ग आहे.

अर्थात शिक्षकांच्या अधिवेशनाला किंवा शाळेच्या स्नेहसंमेलनाला सव्वातीन लाखांचे भाडेही झेपणार नाही. त्यामुळे भाड्याचा दर एकच ठेवणे शहाणपणाचे नाही. व्यापारी प्रदर्शने आणि श्रीमंती विवाह यांच्याकडून पूर्ण दर घ्यावा. मधल्या वारी, सकाळच्या वेळी रिकाम्या राहणाऱ्या भागांसाठी संस्थांकडून केवळ वीज, पाणी व सफाई यांचा बदलता खर्च घ्यावा. रिकामी आसने घेऊन निघणारी एसटी आणि रिकामे सभागृह यांचे अर्थशास्त्र सारखेच असते: गेलेला दिवस पुन्हा विकता येत नाही.

आपल्या मांडवाने हे तत्त्व पूर्वीच ओळखले होते. जानेवारी २०२०मध्ये उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव, येथे भरलेल्या त्र्याण्णवाव्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद वसईच्या फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी भूषविले होते. साहित्य संमेलन दरवर्षी गाव बदलते आणि बहुधा मांडवात भरते. तीन दिवसांचे भाडे दिले की मैदान पुन्हा मोकळे होते. मांडवाची मर्यादा आग आणि पाऊस या दोन गोष्टींत आहे. कोकणपट्टीत वर्षाचे चार महिने तो निरुपयोगीच ठरतो. पक्क्या केंद्राने मांडवाची काटकसर सांभाळून या दोन उणिवा दूर केल्या, तरच ते मांडवापेक्षा श्रेष्ठ म्हणता येईल.

न दिसणारी लवचिकता

दिल्लीजवळ द्वारका येथे १७ सप्टेंबर २०२३ रोजी ‘यशोभूमी’चा पहिला टप्पा खुला झाला. सुमारे ५,४०० कोटी रुपयांच्या या केंद्रात सहा हजार आसनांचे मुख्य सभागृह, अडीच हजारांची सोय असलेला मोठा दिवाणखाना आणि तेरा बैठक-कक्ष आहेत. मुख्य सभागृहातील आसने यंत्राने हलतात. कधी ती पायऱ्यांसारखी चढती होतात, तर कधी दृष्टीआड होऊन सपाट जमीन उरते. त्याच दिवशी द्वारका सेक्टर २५ येथील मेट्रो स्थानकही सुरू झाले, ही बाब तितकीच महत्त्वाची आहे. केंद्र आणि तेथे पोहोचण्याचे साधन एकाच वेळी लोकांच्या हाती आले.

महानगरपालिकेने या यंत्रांची नक्कल करण्याचे कारण नाही. यांत्रिक आसने बिघडली की सुट्या भागांसाठी आणि कुशल तंत्रज्ञांसाठी वाट पाहावी लागते. एकावर एक रचता येणाऱ्या खुर्च्या, त्या वाहणाऱ्या हातगाड्या आणि त्या ठेवण्याची खोली एवढ्यावर बरेच काम भागते. पाच हजार खुर्च्या दहा-दहाच्या थप्प्यांनी रचल्या, तरी पाचशे थप्प्या होतात. त्यांना ये-जा करण्याच्या वाटांसह चारशे चौरस मीटरच्या आसपास जागा लागेल. नकाशात ही खोली दाखविलेली नसेल, तर उद्घाटनानंतर थोड्याच दिवसांत खुर्च्या जिन्याखाली आणि बाहेर पडण्याच्या दारांसमोर रचलेल्या दिसतात. लवचिक सभागृहाची परीक्षा कोठारात होते, ती अशी.

सरकत्या भिंतींचेही तसेच आहे. ध्वनी अडविणाऱ्या सरकत्या भिंतीचे वजन चौरस मीटरला चाळीस-पन्नास किलो धरावे लागते. तीस मीटर लांब आणि नऊ मीटर उंच अशी एक भिंत तेरा-चौदा टनांची होते. सभागृहाचे तीन भाग करावयाचे तर अशा दोन भिंती हव्यात. हा सारा भार छपराच्या पोलादी कैच्यांना टांगलेला असतो. कैच्यांची रचना आधी ठरली आणि भिंतीची आठवण नंतर झाली, तर ती भिंत कधीच बसत नाही. शिवाय भिंत खोट्या छतापाशी संपून चालत नाही. वरची पोकळी पक्क्या छपरापर्यंत बंद केलेली नसेल, तर एका बाजूच्या लग्नातील बँड पलीकडच्या बाजूला परीक्षा देणाऱ्यांना ऐकू येणारच.

जमिनीचा विचार आणखी निराळा आहे. केवळ सभेसाठी चौरस मीटरला अर्ध्या टनाचा भार धरला तरी पुरतो. यंत्रांचे प्रदर्शन भरवावयाचे, मालट्रक आत आणावयाचा, तर त्याच्या तिप्पट-चौपट भार पेलणारी जमीन लागते. वीज, दूरसंचार, पाणी आणि सांडपाणी यांचे चर ठरावीक अंतरावर जमिनीतच असावे लागतात. वालीव, गोखिवरे, पेल्हार येथील लहान कारखानदारांनी आपली यंत्रे मांडावयाची असोत, डहाणू-घोलवडच्या चिकूच्या बागायतदारांचा मेळावा असो की वारली चित्रकारांचे प्रदर्शन असो, प्रत्येकाची गरज या चरांतूनच भागणार. गोरेगावच्या नेस्कोची कथा या दृष्टीने बोलकी आहे. न्यू स्टँडर्ड इंजिनिअरिंग कंपनीच्या कारखान्याच्या जागेतून ते प्रदर्शन केंद्र घडले. कारखान्याला लागणारे गुण, म्हणजे मजबूत जमीन, उंच छप्पर, मधे खांब नसलेली जागा आणि मालाच्या गाड्यांसाठी वाट, प्रदर्शनालाही हवेच असतात.

तथापि लवचिकतेलाही मर्यादा आहे आणि ती आधी मान्य केली नाही तर मोठी किंमत मोजावी लागते. सिडनीच्या ऑपेरा हाउसचा आराखडा १९५७मध्ये निवडला गेला तेव्हा अंदाज सत्तर लाख ऑस्ट्रेलियन डॉलरांचा होता. १९७३मध्ये वास्तू खुली झाली तेव्हा खर्च दहा कोटी वीस लाखांवर गेला होता. मोठ्या दालनात ऑपेरा आणि वाद्यवृंद दोन्ही व्हावेत, अशी मूळची योजना होती. काम अर्ध्यावर असताना ते केवळ वाद्यवृंदासाठी ठेवण्याचे ठरले. रंगमंचाची बसविलेली यंत्रे काढून टाकावी लागली आणि ऑपेराची रवानगी लहान दालनात झाली. यामागे ध्वनिशास्त्राचे एक साधे सत्य आहे. भाषण स्पष्ट ऐकू येण्यासाठी सभागृहातील नाद सुमारे एका सेकंदात विरावा लागतो. वाद्यवृंदाला तो दोन सेकंदांच्या जवळपास टिकलेला हवा असतो. एकच भिंत दोन्ही मागण्या पुऱ्या करू शकत नाही. चांदीपच्या केंद्राने भाषण, परीक्षा, प्रदर्शन आणि भोजन यांची सोय करावी आणि संगीत नाटकाचा मोह टाळावा. नाटकासाठी वेगळे, लहान नाट्यगृह स्वस्त पडते.

दारे, हवा आणि पाणी

सुरक्षिततेचा हिशेब मात्र काटकसरीच्या कक्षेबाहेर ठेवला पाहिजे. १३ जून १९९७ रोजी दिल्लीच्या उपहार चित्रपटगृहातील आगीत ५९ प्रेक्षक दगावले. बाहेर पडण्याच्या वाटा अडलेल्या होत्या, हे त्यातील मुख्य दुःख होते. ८ ऑगस्ट २०२४च्या रात्री कोल्हापूरचे केशवराव भोसले नाट्यगृह, शाहू महाराजांनी १९१५मध्ये उभारलेली वास्तू, आगीत भस्मसात झाले. त्या वेळी आत प्रयोग चालू नव्हता, एवढेच समाधान.

राष्ट्रीय इमारत संहितेच्या २०१६च्या आवृत्तीनुसार सपाट मार्गावरील दारांची रुंदी माणशी साडेसहा मिलिमीटर धरावी लागते. पाच हजार माणसांसाठी ती साडेबत्तीस मीटर होते, म्हणजे दोन-दोन मीटरची सतरा दारे. येथेच लवचिकतेची गाठ सुरक्षिततेशी पडते. सभागृहाचे तीन भाग केले की मधल्या भागाच्या दोन बाजू सरकत्या भिंतींनी बंद होतात. त्यातील माणसांना शेजारच्या भागातून बाहेर काढण्याची कल्पना कागदावरही करू नये. मधल्या भागाची सारी दारे पुढच्या आणि मागच्या बाजूलाच हवीत. ही गोष्ट पाया खणण्यापूर्वी ठरते. नंतर ठरविता येत नाही.

हवेचे गणितही असेच आहे. स्वस्थ बसलेला माणूस साधारण शंभर वॅट उष्णता बाहेर टाकतो. पाच हजार श्रोते म्हणजे पाचशे किलोवॅटची शेगडी. ती शमविण्यासाठीच सुमारे १४० टन क्षमतेचे वातानुकूलन लागते. दिवे, छप्पर आणि बाहेरून घ्यावी लागणारी ताजी हवा यांचा भार निराळा. वातानुकूलनाची रचना प्रत्येक भागासाठी स्वतंत्र नसेल, तर तीनशे जणांच्या बैठकीसाठी पाच हजारांचे दालन गार करावे लागेल आणि विजेच्या बिलातच लवचिकतेचा सारा नफा विरून जाईल. हिवाळ्याच्या सकाळी खिडक्या उघडून आणि पंखे लावून सभा घेता येईल अशी सोय ठेवणे हे मागासलेपणाचे लक्षण नव्हे.

पाण्याचा प्रश्न या पट्ट्यात विशेष नाजूक आहे. वसई-विरार शहराला पाणी पुरविणाऱ्या सूर्या, पेल्हार आणि उसगाव या योजनांपैकी उसगाव याच परिसरातले आहे. सभागृहासाठी आसनामागे दिवसाला पंधरा लिटर हे प्रमाण धरले, तर पाच हजारांच्या एका दिवसाला पंचाहत्तर हजार लिटर पाणी लागते. टँकरच्या भाषेत ते दहा हजार लिटरचे साडेसात टँकर होतात. परंतु सहा हजार चौरस मीटरच्या छपरावर दोन हजार मिलिमीटर पाऊस पडला, तर एका पावसाळ्यात एक कोटी वीस लाख लिटर पाणी जमा होते. त्यातले निम्मे साठविता आले, तरी भरगच्च सभांचे ऐंशी दिवस निघतात. साठवणटाकी हा केंद्राच्या सामग्रीचा पहिला भाग मानला पाहिजे. शोभेची कारंजी नंतर. धरणाशेजारच्या पाड्यांच्या नळाला हात लावून कोणतेही अधिवेशन भरू नये.

कोणाचे केंद्र?

यातूनच मूळ प्रश्न उभा राहतो. तालुक्याच्या पूर्व भागात आदिवासी खातेदारांच्या जमिनी आहेत. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ३६-अ ने त्यांच्या बिगर-आदिवासींकडील हस्तांतरणावर निर्बंध घातले आहेत आणि ते योग्यच आहेत. तुंगारेश्वर अभयारण्यही या पट्ट्यापासून दूर नाही. म्हणजे येथील जागा स्वस्त आहे, एवढ्या एकाच कारणाने येथे केंद्र आणणे न्याय्य ठरणार नाही. शहराला दहा भव्य दिवस मिळावेत आणि गावाला मात्र वर्षभर वाहनांची कोंडी, आवाज आणि सांडपाणी मिळावे, असा हा सौदा होता कामा नये. गावकऱ्यांना पहाऱ्याच्या नोकऱ्या देऊ, हे आश्वासन अशा वेळी हमखास दिले जाते. ते अपुरे आहे. स्वयंपाकगृह चालविण्याचा, भाजीपाला पुरविण्याचा, खुर्च्या-मांडणीचा ठेका स्थानिक बचतगटांना व सहकारी संस्थांना मिळाला, तर उत्पन्नाचा एक ओघ गावात राहील.

केंद्राचा खरा उपयोग समारंभांपलीकडे जातो, हे २०२०ने शिकविले. त्या वर्षी गोरेगावच्या नेस्कोत आणि वाशीच्या प्रदर्शन केंद्रात करोनाच्या रुग्णांसाठी खाटा मांडल्या गेल्या. लंडनच्या एक्सेल केंद्राचेही रुग्णालय झाले. रुंद दारे, सपाट जमीन आणि वीज-पाण्याची तयार सोय ज्या वास्तूंत होती, त्या थोड्याच अवधीत कामाला लागल्या. जुलै २०१८च्या अतिवृष्टीत वसई-विरारचे मोठे भाग पाण्याखाली गेले होते. उंचावर बांधलेले, स्वतःचे जनित्र, स्वयंपाकगृह आणि पुरेशी शौचालये असलेले केंद्र अशा वेळी आसरा ठरू शकते. स्पर्धापरीक्षा, मतमोजणी, लसीकरण, भरती मेळावे ही सारी आज शाळा-महाविद्यालयांचे वर्ग बंद ठेवून पार पाडली जातात. त्यात बुडणारे अध्यापनाचे दिवस हा शिक्षणावर लादलेला एक अदृश्य करच आहे. तो कमी झाला, तर केंद्राच्या जमाखर्चात न दिसणारा मोठा लाभ पदरी पडेल.

यास्तव अशा कोणत्याही केंद्राचा आराखडा मंजूर करण्यापूर्वी तीन कागद लोकांसमोर यावेत. पहिला, वर्षाच्या ३६५ दिवसांचे वेळापत्रक: कोणत्या दिवशी, कोणता भाग, कोण वापरील आणि काय भाडे देईल. दुसरा, तीस वर्षांच्या देखभालीचा निधी कोठून येणार याचा ताळेबंद. तिसरा, रस्ता, बससेवा आणि पाणी यांची कामे केंद्राच्या आधी किंवा निदान बरोबर पूर्ण होतील अशी बांधिलकी. विरारच्या स्थानकापासून चांदीपपर्यंत रात्री दहा वाजता परतीची बस मिळणार नसेल, तर ते केंद्र केवळ मोटारवाल्यांचे ठरेल आणि ज्या शिक्षक, कारकून व विद्यार्थ्यांच्या करातून ते उभे राहील, त्यांना त्याची पायरी चढण्याचा योग क्वचितच येईल.

दर्शनी भागाचे चित्र पाहून आराखडे मंजूर करण्याची आपल्याकडे रीत आहे. संमेलन केंद्राच्या बाबतीत चित्र बाजूला ठेवून कोठाराची खोली, छपराची कैची, मधल्या भागाची दारे आणि साठवणटाकी यांचे नकाशे आधी मागविले पाहिजेत. हे चार नकाशे नीट असतील, तर वास्तू साधी दिसली तरी चालेल. ती वर्षातले बहुतेक दिवस उघडी राहील. ते नसतील, तर उद्घाटनाच्या फलकावर कोणाचेही नाव कोरले तरी दाराला कुलूपच लागलेले दिसेल आणि सभा पूर्वीप्रमाणेच उन्हात भरत राहतील.